आधी ध्वनी, मग अर्थ: रोमान्स भाषांतल्या ‘विकत घेणे’चं मूळ कसं शोधावं

स्पॅनिश किंवा फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मंडळींकडून एक गोष्ट वारंवार ऐकायला मिळते. स्पॅनिशमध्ये विकत घेण्याला ‘कोंप्रार’ म्हणतात, आणि हा शब्द तुलनेवरून आला, कारण बाजारात गेलं की माणूस चार दुकानांतल्या भावांची तुलना करतो. ऐकायला पटतं, लक्षातही राहतं. पण ते चूक आहे. मलाही काही काळ ते खरं वाटत होतं. चूक कळली ती जास्त शब्द पाठ करून नाही, कामाचा क्रम बदलल्यावर. आपण अर्थ आधी जुळवतो आणि ध्वनींकडे नंतर बघतो, तिथेच सगळं बिघडतं. खाली तो क्रम एका क्रियापदावर पूर्ण करून दाखवला आहे. तुम्ही वही घेऊन सोबत करत गेलात तर दोन संध्याकाळींत होईल.

## तयारी

वहीत सहा रकाने आखा: भाषा, मूळ क्रियापद (आपल्या ‘घेणे’सारखं रूप), ‘मी’चं वर्तमानकाळी रूप, सापडेल ते सर्वांत जुनं रूप, आजचा अर्थ, आणि दुसरा एखादा अर्थ. शेवटचा रकाना बरेच जण आखत नाहीत. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या, भाषांपैकी किमान सहा हव्यात: पोर्तुगीज, स्पॅनिश, कातालान, फ्रेंच, इटालियन आणि रोमानियन. रोमानियन अवघड वाटते म्हणून वगळू नका. रोमन सत्तेने तिसऱ्या शतकात डेन्यूबपलीकडचा डाकिया प्रांत सोडला आणि तिकडची लॅटिन पश्चिमेपासून लवकर तुटली. त्यामुळे जो शब्द पोर्तुगालातही आहे आणि रोमानियातही आहे, तो बहुधा फाटाफूट होण्याआधीचा असतो. असा लांबचा साक्षीदार दुसरा मिळत नाही. यांच्या जोडीला एखादी प्रांतिक बोली घ्या. आपण नापोली आणि सिसिलीच्या घेऊ.

शब्दकोश त्या त्या भाषेचाच उघडा. स्पॅनिश राजअकादमीचा कोश, फ्रेंचचा ‘त्रेझोर’ आणि रोमानियनचा ‘डेक्सऑनलाइन’ हे तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. इंग्रजी कोशातून सुरुवात केली की इंग्रजीने अर्थाची केलेली वाटणी तुमच्या डोक्यात बसते आणि मग निघत नाही.

लिहिताना एक सोय करा: उच्चार देवनागरीत उतरवा. रोमानियनमध्ये एक स्वर आहे तो जवळजवळ आपला ‘अ’च आहे. रोमन लिपीत त्यासाठी ‘a’ या अक्षरावर खास खूण द्यावी लागते, आपल्याला काहीच करावं लागत नाही.

## टप्पा १: एकच अर्थ धरा, रूपं गोळा करा

अर्थ धरायचा तो ‘पैसे देऊन घेणे’. ‘मिळवणे’, ‘कमावणे’, ‘व्यापार करणे’ आत्ता नको. यादी अशी येते: पोर्तुगीज व स्पॅनिश ‘कोंप्रार’, कातालान ‘कुंप्रा’, इटालियन ‘कोंप्रारे’ आणि तिचंच जुनं भावंड ‘कोंपेरारे’, रोमानियन ‘कुंपरा’, आणि फ्रेंच ‘आश्ते’.

‘मी’ची रूपं: स्पॅनिश ‘कोंप्रो’, इटालियन ‘कोंप्रो’ किंवा ‘कोंपेरो’, रोमानियन ‘कुंपर’. तिन्हींत जोर पहिल्या अक्षरावर आहे. मूळ क्रियापदात मात्र तो शेवटाकडे सरकतो. हे नीट नोंदवा, कारण जोर नसलेला स्वर आधी झिजतो.

सावधान: फ्रेंचचं लिखाण बघून रकाना भरू नका. लिखाणात शेवटी ‘र’ आहे, तोंडात नाही. लेखन आणि उच्चार दोन्ही वेगवेगळे नोंदवा.

तपासणी: यादीत पाच भाषा एका बाजूला आणि फ्रेंच दुसऱ्या बाजूला, अशी फूट दिसली पाहिजे. फ्रेंचला ओढूनताणून ‘कोंप्रार’शी जोडायचा मोह झाला, तर थांबा.

## टप्पा २: तद्भव कोण, तत्सम कोण

हा टप्पा मराठी माणसाला सोपा जायला हवा. ‘हात’ आणि ‘हस्त’, ‘काम’ आणि ‘कर्म’ अशा जोड्या आपण शाळेपासून जाणतो. एक शब्द पिढ्यान् पिढ्या तोंडातून झिजत आला, दुसरा पोथीतून जसाच्या तसा उचलला. रोमान्स भाषांचंही तसंच आहे. मध्ययुगातल्या आणि नंतरच्या विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून असंख्य शब्द पुन्हा उचलले.

आता जोड्या लावा. स्पॅनिशमध्ये ‘कोंप्रार’ म्हणजे विकत घेणे आणि ‘कोंपारार’ म्हणजे तुलना करणे. इटालियनमध्ये ‘कोंप्रारे’ आणि ‘कोंपारारे’. रोमानियनमध्ये ‘कुंपरा’ आणि ‘कोंपारा’. प्रत्येक जोडीत झिजलेला शब्द बाजारातला आहे, न झिजलेला पुस्तकातला. विकत घेणं रोज तोंडात होतं म्हणून झिजलं. तुलना करण्याचं क्रियापद विद्वानांनी पुस्तकातून आणलं.

सुरुवातीच्या गैरसमजाचं उत्तर इथे मिळतं. लॅटिनमध्ये ‘कोंपरारे’ या एकाच रूपाची दोन क्रियापदं होती. एक ‘पार’ म्हणजे सारखा, जोडीचा, या शब्दावरून आलेलं, अर्थ जोडीला ठेवून बघणे. दुसरं ‘कोम्’ हा उपसर्ग आणि ‘परारे’ म्हणजे तयार करणे, मिळवणे, यांतून झालेलं, अर्थ जमवणे, सोय करणे. बाजारातला शब्द या दुसऱ्यातून निघाला. भावांच्या तुलनेचा त्याच्याशी संबंध नाही.

सावधान: फ्रेंचमध्येही तुलनेसाठी ‘कोंपारे’ आहे, तो तत्सम आहे. जुन्या फ्रेंचमध्ये याच रूपाचा एक घरचा शब्दही होता, ‘किंमत मोजणे, एखाद्या गोष्टीची फळं भोगणे’ या अर्थाचा. तो पुढे मेला. आजच्या कोशात दिसत नाही म्हणून तो फ्रेंचमध्ये नव्हताच, असं लिहू नका.

## टप्पा ३: ध्वनिनियम लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नियम म्हणजे एका शब्दापुरती सोय नव्हे. त्याच जागी तोच ध्वनी असलेल्या दुसऱ्या शब्दांतही तोच बदल दिसला, तरच तो नियम.

पहिला बदल, मधला स्वर गळणे. लॅटिन ‘कोंपरारे’त जोर ‘रा’वर आहे. त्याच्या आधीचा ‘प’मधला ‘अ’ दुबळा पडला, इटालियनमध्ये आधी ‘ए’ झाला आणि मग गळाला: कोंपरारे, कोंपेरारे, कोंप्रारे. आपण ‘बसला’ लिहितो आणि ‘बस्ला’ म्हणतो, त्याच जातीचं हे. रोमानियनने तो स्वर गिळला नाही, ‘अ’ करून ठेवला: ‘कुंपरा’. म्हणून रोमानियन रूप इथे मोलाचं. इतरांनी काय टाकलं ते त्यावरून कळतं.

दुसरा बदल, फ्रेंचचा ‘क’. फ्रेंच ‘आश्ते’चं जुनं रूप ‘अचातेर’. म्हणजे आजचा ‘श’ आधी ‘च’ होता. आणि फ्रेंचमधला असा ‘च’ बहुतेकदा ‘आ’च्या आधीच्या लॅटिन ‘क’मधून येतो. साक्षी काढा: लॅटिन ‘कात्तुस’ म्हणजे मांजर, फ्रेंच ‘शा’. ‘काबाल्लुस’ म्हणजे घोडा, फ्रेंच ‘शव्हाल’. ‘कांबियारे’ म्हणजे बदलणे, फ्रेंच ‘शांजे’, आणि स्पॅनिशमध्ये ‘क’ टिकून ‘कांबियार’. तीन साक्षी एकाच दिशेने बोलतात, म्हणजे नियम उभा राहिला.

‘च’ आधीचा आणि ‘श’ नंतरचा, याचा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यातसुद्धा आहे. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हे दोन्ही एकाच फ्रेंच शब्दातून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आले. इंग्रजीने पहिला उचलला तेव्हा फ्रेंच ‘च’ म्हणत होते, दुसरा उचलला तोवर ‘श’ म्हणू लागले होते. ‘चेंज’मधला ‘च’सुद्धा त्याच जुन्या काळाचा.

नॉर्मंडीच्या बोलीत मात्र ‘क’चा ‘च’ झालाच नाही. तिथे क्रियापद ‘अकाते’सारखं होतं आणि सामान खरेदी करणारा ‘अकातूर’. नॉर्मन हा शब्द इंग्लंडला घेऊन गेले आणि त्यातून इंग्रजी ‘केटर’ निघाला. लग्नाच्या हॉलवर ज्याला आपण केटरर म्हणतो, तो मुळात वाणसामान विकत आणणारा माणूस आहे.

तिसरा बदल, ‘प्त’चं काय झालं. इटालियनमध्ये ‘प्त’चा ‘त्त’ होतो: ‘सेप्तेम’ म्हणजे सात, इटालियन ‘सेत्ते’. फ्रेंचमध्ये नुसता ‘त’ ऐकू येतो: ‘सेत’. संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात ही साखळी डोळ्यांसमोर आणा, दोन्हीकडे तोंडाने एकच आळस केला आहे. आता इटालियनमध्ये ‘आक्कात्तारे’ असं एक क्रियापद आहे. ‘त्त’च्या मागे ‘प्त’ असू शकतो. हे वहीत लिहा आणि पुढच्या टप्प्यासाठी ठेवा.

तपासणी: प्रत्येक बदलाला किमान दोन वेगळ्या शब्दांची साक्ष आहे का? एकच साक्ष असेल तर पेन्सिलीने लिहा, शाईने नको.

## टप्पा ४: तारांकित रूप आणि प्रांतांची साक्ष

फ्रेंच ‘अचातेर’, नॉर्मन ‘अकाते’ आणि इटालियन ‘आक्कात्तारे’ समोरासमोर ठेवा. ‘च’ आणि ‘क्क’च्या मागे ‘क’ आहे, ‘त’ आणि ‘त्त’च्या मागे ‘प्त’ बसतो. मागे गेलात की ‘अक्काप्तारे’ मिळतं: ‘अद्’ हा उपसर्ग आणि ‘काप्तारे’ म्हणजे धरायचा प्रयत्न करणे, हाती लागेल असं बघणे. पण ‘अक्काप्तारे’ कुठल्याही लॅटिन लेखात सापडत नाही. कोशांत त्याच्यापुढे तारा (*) असतो तो त्यासाठीच.

सावधान: तारा म्हणजे ‘शंका आहे’ असं नव्हे. त्याचा अर्थ ‘लेखी मिळालं नाही, नियमांवरून मांडलं’. उतरवून घेताना तारा गाळणं ही मला दिसलेली सर्वांत सामान्य चूक आहे. तारा गेला की वाचणाऱ्याला वाटतं, हा शब्द कोण्या रोमन लेखकाने वापरला होता.

आता बोलींकडे. नापोलीत विकत घेणे म्हणजे ‘अक्कात्ता’, सिसिलीत ‘अक्कात्तारी’. पुस्तकी इटालियनमध्ये मात्र ‘आक्कात्तारे’ म्हणजे भीक मागणे. फक्त प्रमाण इटालियन बघणाऱ्याला हा पुरावा कधीच मिळत नाही आणि तो लिहून मोकळा होतो की हा शब्द एकट्या फ्रेंचचा. बोली वगळून प्रमाणभाषेवर निष्कर्ष काढायचा नसतो. वऱ्हाडी आणि मालवणी सोडून मराठी शब्दांचा इतिहास लिहिला तर तो जसा लंगडा होईल, तसंच हे.

सिसिलीबद्दल एक पेच आहे. अकराव्या शतकात नॉर्मनांनी सिसिली जिंकली, म्हणून तिथला ‘अक्कात्तारी’ नॉर्मनांनी आणला असं सांगणारे बरेच भेटतात. पण ‘त्त’ घरच्या नियमानेही तयार होतो, आणि जवळचा इटालियन शब्द तर आहेच. अशा जागी वहीत दोन्ही वाटा लिहायच्या. राज्यकर्ते आले एवढ्यावरून शब्दही त्यांचाच, हे सिद्ध होत नाही.

## टप्पा ५: आता कुठे अर्थाकडे

ध्वनींचं काम संपल्यावरच हा रकाना उघडायचा. प्रत्येक शब्दासाठी अर्थाची शिडी काढा आणि मधल्या पायऱ्यांना पुरावा शोधा.

‘कोंपरारे’: तयारी करणे, जमवणे, मिळवणे, विकत घेणे. ‘अक्काप्तारे’: धरायला बघणे, मिळवणे, आणि इथून दोन फाटे. फ्रान्समध्ये आणि दक्षिण इटलीत विकत घेणे, प्रमाण इटालियनमध्ये मागून मिळवणे म्हणजे भीक मागणे. एकाच मुळाचा स्पॅनिश शब्द ‘कातार’ चव घेऊन बघणे इथे पोचला. मूळ सारखं म्हणून अर्थ सारखा असलाच पाहिजे असं नाही, आणि अर्थ वेगळा म्हणून मूळ वेगळं असंही नाही.

आणि आता लॅटिनचा स्वतःचा, अभिजात शब्द: ‘एमेरे’, विकत घेणे. सहापैकी एकाही भाषेत तो या अर्थाने राहिला नाही. त्याचा आणखी जुना अर्थ होता ‘घेणे’. लिथुआनियन भाषेत त्याचा भाऊबंद ‘इम्ती’ अजून ‘घेणे’ याच अर्थाने नांदतो. कोणाला ही पायरी ताणलेली वाटत असेल तर त्याने मराठीत विचार करावा. ‘दिवाळीला साडी घेतली’ या वाक्यात पैशाचा उल्लेखही नाही, तरी ती विकत घेतली हे सर्वांना कळतं. घेणे ते विकत घेणे ही पायरी आपण रोज चढतो. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला जी गोष्ट समजावून द्यावी लागते, ती आपल्या घरात आहे.

मेलेल्या शब्दाचे अवशेष शोधायला विसरू नका, ते उपसर्गांच्या आड लपलेले असतात. ‘रेद्’ आणि ‘एमेरे’ मिळून ‘रेदिमेरे’, परत विकत घेणे, सोडवणे. त्याच्या नामातून फ्रेंच ‘रांसों’ म्हणजे खंडणी. ‘प्राए’ आणि ‘एमेरे’ यांतून ‘प्राएमियुम’, सगळ्यांच्या आधी घेतलेला वाटा, बक्षीस. विम्याचा प्रीमियम भरताना आपण याच ‘एमेरे’चा तुकडा उच्चारतो.

तपासणी: शिडीची एखादी पायरी केवळ तुमच्या तर्कावर उभी आहे का? मग त्या पायरीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

## टप्पा ६: मराठीत आलेला शब्द असेल तर

इथे आपल्याकडच्या वाचकांचा गोंधळ सर्वांत मोठा असतो, म्हणून एक पूर्ण उदाहरण घेऊ: पगार.

आधी वाट बघा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत राहिली. कोकणपट्टीवर इतका काळ व्यवहार झाल्यावर ‘पगार’, ‘चावी’, ‘घमेलं’ असे कामाधंद्याचे शब्द आले. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. आपण त्याचं नाम केलं आणि अर्थ आवळून महिन्याच्या मोबदल्यापुरता ठेवला.

मग ध्वनी. लॅटिन ‘पाकारे’. दोन स्वरांमधला ‘क’ पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये ‘ग’ होतो: ‘आमिका’ म्हणजे मैत्रीण, तिची ‘आमिगा’ झाली. आपल्या ‘सकल’चं ‘सगळा’ झालं, तसंच. फ्रेंचमध्ये हा ‘क’ आणखी विरघळला आणि ‘पेये’ उरलं, त्यातून इंग्रजी ‘पे’. रोमानियनमध्ये ‘क’ शाबूत आहे: ‘इंपका’.

शेवटी अर्थ. ‘पाकारे’ हे ‘पाक्स’ म्हणजे शांतता या शब्दावरून आलं: शांत करणे. घेणेकऱ्याला शांत करणे, त्याचं समाधान करणे, पैसे देणे अशी शिडी. मधल्या पायऱ्यांना पुरावा आहे. इटालियनमध्ये ‘पागो’ म्हणजे समाधानी. स्पॅनिशमध्ये स्वतःवर खूश असलेल्या माणसाला आजही ‘पागादो दे सी मिस्मो’ म्हणतात. आणि रोमानियन ‘इंपका’चा अर्थ समेट घडवणे. पैसे देण्यासाठी रोमानियनने स्लाव्ह भाषेतून ‘प्लती’ घेतला, म्हणून तिथे जुना अर्थ मोकळा राहिला. दुसऱ्या अर्थाचा तो शेवटचा रकाना आखला नसता तर ही साक्ष हातून गेली असती.

सावधान: पोर्तुगीजांमार्फत आला म्हणजे लॅटिनच, असं धरू नका. ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लैलांव’वरून आला, पण तो शब्द स्वतः अरबी ‘अल्-इअलाम’, म्हणजे जाहीर करणे, याच्यावरून आल्याचं मानतात. लॅटिनची वाट बघायची असेल तर स्पॅनिश ‘सुबास्ता’ बघा: ‘सुब हास्ता’, भाल्याखाली. रोमन लोक भाला रोवून त्याच्याखाली लूट विकत.

आणखी एक सावधान: लॅटिन शब्द संस्कृतासारखा दिसला की ‘संस्कृतातून गेला’ असं लिहिलं जातं. लॅटिन ‘वेंदेरे’ म्हणजे विकणे, हे ‘वेनुम’ आणि ‘दारे’ यांचं मिळून झालं आहे. ‘दारे’ म्हणजे देणे, तो आपल्या ‘दा’ धातूचा भाऊबंद. ‘वेनुम’ म्हणजे विक्री, तो वैदिक ‘वस्न’ म्हणजे किंमत या शब्दाचा भाऊबंद. दोघांची आजी एक, पण एकीने दुसरीला जन्म दिलेला नाही. सगोत्र आणि उसने यांच्यासाठी वहीत दोन वेगळ्या खुणा ठेवा आणि त्या कधी बदलू देऊ नका.

## सरावासाठी

वरची सहा पावलं ‘वेंदेरे’वर करून बघा. सहाही भाषांत ते जिवंत आहे आणि अर्थही हललेला नाही, त्यामुळे फक्त ध्वनींवर लक्ष ठेवता येईल. रोमानियन ‘विंदे’मधला ‘इ’ कुठून आला, तिथे थांबून लॅटिन ‘देंतेम’ म्हणजे दात आणि रोमानियन ‘दिंते’ ही जोडी शेजारी लिहा. त्यानंतर ‘कांबियारे’ घ्या. रोमानियनमध्ये त्याचं रूप ‘स्किंबा’ असं मिळेल. पुढचा ‘स्’ कोणत्या उपसर्गाचा उरलेला तुकडा असावा, हे कोश उघडण्याआधी वहीत लिहून ठेवा आणि मग ताडून बघा.